मिक्सर लावण्याआधी

सकाळी चटणीसाठी मिक्सर सुरू झाला की काही घरांत चार-पाच वर्षांचं एखादं मूल दोन्ही कान दाबून पलंगाखाली शिरतं. तेच मूल दुपारी स्टीलच्या ताटावर डाव आपटत अर्धा तास मजेत बसतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "नाटकं आहेत सगळी. स्वतः केलेला आवाज बरा चालतो!"

हे कोडं वैद्यकाच्या कागदावर 80 वर्षांपूर्वीच उतरलं आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम करणारे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. ऑटिझमची, म्हणजे संवाद, वागणं आणि संवेदना यांत दिसणाऱ्या मेंदूच्या जडणघडणीतल्या वेगळेपणाची, वैद्यकीय ओळख पसरली ती मुख्यतः त्या लेखामुळे. ही मुलं कशाकशाला घाबरतात, तेही त्यात आहे: लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र, अगदी वारासुद्धा. आणि लगेच पुढे कॅनर नोंदवतात की ज्या आवाजाची मुलाला दहशत वाटते, तेवढाच मोठा आवाज ते स्वतः आनंदाने करू शकतं.

असं का होत असावं? पंखा लावला की पहिला मिनिटभर त्याची घरघर ऐकू येते, मग ती कानाआड होते. अंगातल्या सदऱ्याचा स्पर्शही आपण थोड्या वेळात विसरतो. मेंदू सरावतो आणि नेहमीच्या गोष्टी बाजूला सारतो. आवाज, स्पर्श यांचा फार त्रास होणाऱ्या ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूची स्कॅनवर पाहणी झाली, तेव्हा हे सरावणं कमी पडताना दिसलं. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला तरी भीतीशी संबंधित असलेल्या अमिग्डाला या भागातली हालचाल इतर मुलांइतकी उतरत नव्हती. म्हणजे मिक्सर दहाव्यांदा लावला तरी तो पहिल्यांदा लावल्यासारखाच अंगावर येऊ शकतो.

स्वतःच्या आवाजाचं एक पटण्याजोगं उत्तर गुदगुल्यांमध्ये सापडतं. आपल्याच बोटांनी आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, कारण हात हलायच्या आधीच काय होणार ते मेंदूला ठाऊक असतं. ताटावर डाव कधी पडणार, कधी थांबणार हे मुलाच्या हातात आहे. मिक्सर कधी गरजेल ते मात्र आई जाणे!

काही मुलांचं याच्या उलट असतं. त्यांना घट्ट मिठी हवी असते, गरगर फिरावंसं वाटतं, खरचटलं तरी पटकन कळत नाही. एकाच मुलात दोन्ही असू शकतं, आणि म्हणूनच शेजारच्या मुलाला लागू पडलेला उपाय आपल्याकडे चालेलच असं नाही.

हा भार सहनशक्तीपलीकडे गेला की मूल कोसळतं. रडणं, किंचाळणं, डोकं आपटून घेणं, नाहीतर एकदम गप्प होऊन बसणं. याला मेल्टडाउन म्हणतात. हट्टाला काहीतरी मिळवायचं असतं, ते मिळालं की हट्ट संपतो. मेल्टडाउनमध्ये मुलाला चॉकलेट दाखवलं तरी काही फरक पडत नाही. तेव्हा दटावणं किंवा समजावणं म्हणजे आणखी आवाजाची भर. दिवा मंद करावा, गर्दी हटवावी, आपण शांतपणे जवळ बसावं.

आता आयांविषयी. अनेक वर्षं जगभर असं मानलं गेलं की आई मायेने थंड असली की मूल ऑटिस्टिक होतं. या समजाला कॅनर यांच्या लिखाणानेही हातभार लागला होता, आणि 1967 मध्ये अमेरिकेतले लेखक ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. कॅनर यांनी 1969 मध्ये पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. पुढे 1977 मध्ये ब्रिटनमध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर या संशोधकांनी एकाला तरी ऑटिझम असलेल्या जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. जनुकं सारखीच असलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकीतही दोघांना नव्हता. आनुवंशिकतेचा मोठा वाटा तिथे दिसू लागला. इकडे कानांवर हात ठेवणाऱ्या मुलांना मात्र आणखी थांबावं लागलं. संवेदनांचा हा वेगळेपणा अमेरिकी निदान-निकषांत आला तो थेट 2013 मध्ये.

आपल्याकडे आईला आजही ऐकवलं जातंच. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू होतो, मूल किंचाळतं आणि मागच्या खुर्चीवरून "लाडावून ठेवलंय" असं येतं. ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरला जाणारा 'स्वमग्न' हा शब्दही मला खटकतो. स्वतःतच मग्न म्हणावं, तर या मुलांना बाहेरचं जग जरा जास्तच जोरात ऐकू येतं.

घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. मिक्सर लावण्याआधी सांगावं, तीन-दोन-एक मोजावं, जमलं तर बटण मुलालाच दाबू द्यावं. मिरवणुकीच्या दिवशी कानांवर आवाज अडवणारे इअरमफ असावेत. ते घातलेल्या मुलाकडे टक लावून पाहू नये. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलाला नेमकं काय सोसतं ते शोधायला मदत करतात. थेरपीचा खर्च मोठा असतो. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीही येते आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढावं लागतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये ऑटिझम आहे.

नातेवाइकांनी सल्ला देण्याऐवजी एका रविवारी दोन तास मूल सांभाळावं, त्याच्या आईला झोपू द्यावं. आधी तिला विचारून घ्यावं, त्याला कशाचा त्रास होतो. आणि घरात लग्न असेल, तर हॉल ठरवतानाच बँडपासून लांबची एक खोली त्या मुलासाठी मागून ठेवावी.