न सापडलेले किती, हे सापडलेल्यांवरून कसं काढतात?

युद्धाची बातमी लागली की साताऱ्यातल्या आमच्या ग्रुपवर आकड्यांवरून जुंपते. एक जण म्हणतो दहा हजार मेले, दुसरा कुठल्यातरी चॅनेलचा चाळीस हजारांचा स्क्रीनशॉट टाकतो, मग कुणीतरी समजूत काढतं की जाऊ द्या, मधला पंचवीस धरा. आणि शेवटी एक जण ठासून सांगतो की अधिकृत आकडा तोच खरा, बाकी सगळा प्रचार. यातल्या शेवटच्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. का चूक आहेत ते कळलं की गणिताची एक फार सुंदर युक्ती हाती लागते, खरं तर तिच्यासाठीच हे लिहायला बसलोय.

मेलेल्या माणसाची पक्की नोंद म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि शंभर वर्षं होऊन गेली तरी त्या आकड्यावर कुणी वाद घालत नाही, कारण सैनिकाचं नाव पलटणीच्या रजिस्टरला असतं, पगाराला असतं, पेन्शनला असतं. साध्या नागरिकाचं तसं काहीच नसतं. गाव जळालं, हॉस्पिटल बंद पडलं, नातेवाईक जीव घेऊन दुसऱ्या देशात गेले, मग नोंद करणार कोण आणि कुणाकडं? स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात जगभरच्या संघर्षांची नोंद ठेवतात, वर्षाला किमान २५ माणसं लढाईत मेली तर तो सशस्त्र संघर्ष आणि १००० किंवा जास्त मेली तर युद्ध. काम अतिशय चोख, पण ते बातम्या आणि अहवालांत जे आलं त्यावर चालतं. जिथं पत्रकारच पोचला नाही तिथला मृत्यू त्यात येणार कुठून? म्हणजे नोंदलेला आकडा हा नोंद करणाऱ्यांचा हात कुठवर पोचला ते सांगतो, एकूण मेले किती ते नाही.

मग सर्व्हे करा म्हणाल. केले की, इराकमध्ये. २००३ च्या हल्ल्यानंतर २००६ च्या मध्यापर्यंत हिंसेत किती मेले यावर घरोघरी फिरून केलेली एक पाहणी म्हणाली सुमारे ६ लाख आणि दुसरी म्हणाली १ लाख ५१ हजार. आता याचा मध्य काढून काय हाती लागणार?

तर ती युक्ती. समजा एका भागातल्या मृतांच्या दोन याद्या आहेत, दोन वेगळ्या संस्थांनी एकमेकींना न विचारता केलेल्या. पहिलीत ४०० नावं, दुसरीत ३००, आणि दोन्हींत असलेली १००. आपण काय करतो, ४०० आणि ३०० मिळवतो, दुबार १०० वजा करतो आणि ६०० म्हणून मोकळे होतो. पण थांबा, दुसऱ्या यादीतल्या ३०० पैकी पहिलीनं फक्त १०० पकडलेत. म्हणजे पहिली यादी तीनातला एक माणूस पकडते. आणि तिच्यात ४०० आहेत, मग एकूण असणार १२००. ज्या ६०० माणसांचं नाव कुठंच नाही त्यांची संख्या दोन याद्यांच्या सामाईक भागातनं बाहेर आली! डेन्मार्कच्या पीटरसनचं नाव या हिशेबाला लागलंय, त्यानं १८९६ मध्ये माशांना खुणा करून परत पाण्यात सोडले होते (खुणेचे मासे ही पहिली यादी समजा, नंतर जाळ्यात आलेले ही दुसरी). पण माणसांच्या नोंदींसाठी तो पक्का केला चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी, १९४९ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागातली सरकारी जन्म-मृत्यू नोंद आणि घरोघरी जाऊन केलेली यादी यांची जुळणी करून. आपल्याकडच्या कागदांवर उभी राहिलेली ही पद्धत आज युद्धातले मृत मोजायला वापरतात हे शाळेत सांगत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळा जीव जुळणीत आहे. एका यादीत "दत्तात्रय पांडुरंग शिंदे, वय ४२", दुसरीत "दत्ता शिंदे, अंदाजे ४५, वरच्या वाडीचा". एकच माणूस का दोन? अशा २० जोड्या नजरेतनं सुटल्या तर सामाईक १०० चे ८० होतात आणि एकूण १२०० चे एकदम १५०० होतात, म्हणजे वीस नावांच्या चुकीनं तीनशे माणसं हवेतनं पैदा होतात. म्हणून या कामात महिनोन् महिने फक्त नावं, वयं, तारखा ताडून बघण्यात जातात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. याद्या खरंच स्वतंत्र पाहिजेत. डांबरी रस्त्यावरच्या गावात दोन्ही संस्था जाणार आणि डोंगरातल्या वस्तीवर कुणीच नाही, असं झालं की तीच तीच माणसं दोन्हीकडं येतात, सामाईक भाग फुगतो आणि एकूण आकडा कमी निघतो. उलट एक संस्था एका बाजूच्या लोकांची आणि दुसरी दुसऱ्या बाजूच्यांची, तर सामाईक भाग आटतो आणि आकडा भलताच वाढतो. यावर उपाय तिसरी यादी. तीन याद्यांत प्रत्येक माणूस आहे किंवा नाही, दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ कप्पे झाले. सात दिसतात, आठवा म्हणजे कुठंच नसलेले. समजा फक्त पहिलीत १२०, फक्त दुसरीत ९०, फक्त तिसरीत ६०, फक्त पहिली-दुसरीत ३०, फक्त पहिली-तिसरीत २०, फक्त दुसरी-तिसरीत १८ आणि तिन्हींत १०. एकूण दिसले ३४८. दोन-दोन याद्या घेऊन वरच्या रीतीनं हिशेब केला तर ६६६, ६४८ आणि ५७१ येतात. आता तिन्ही एकत्र घ्या: १०, १२०, ९०, ६० यांचा गुणाकार, भागिले ३०, २०, १८ यांचा गुणाकार. उत्तर ६००, हा आठवा कप्पा, एकूण ९४८. म्हणजे याद्यांच्या जोड्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या आणि त्या चिकटण्यानं तीनेकशे माणसं लपवली होती, तिसऱ्या यादीनं ती उघडी पाडली. इथं गृहीतक एवढंच उरतं की दोन याद्यांमधला चिकटपणा तिसरीत असलेल्या आणि नसलेल्या माणसांसाठी सारखाच आहे. कागद-पेन घेऊन एकदा करून बघाच.

पेरू देशात हे प्रत्यक्ष झालं. १९८० ते २००० च्या यादवीत मेलेल्या-बेपत्ता झालेल्यांची जवळपास २४ हजार नावं सत्यशोधन आयोगाकडं जमली होती. याद्या जुळवल्यावर २००३ मध्ये अंदाज आला ६९,२८०, आणि तो ६१,००७ ते ७७,५५२ असा पट्टा देऊन सांगितला, नुसता एक आकडा फेकला नाही. नोंदलेल्या मृतांत दर चारातले तीन केचुआ किंवा दुसरी स्थानिक भाषा बोलणारे होते, तेही १९९३ च्या जनगणनेत असे लोक १६ टक्केच असताना, यावरूनच कळतं राजधानीत बसलेल्यांना हे इतकी वर्षं का दिसलं नाही. २०१९ मध्ये एका संशोधकानं तोच डेटा घेऊन ४८ हजारांच्या आसपास अंदाज काढला, वाद झाला, उत्तरं-प्रत्युत्तरं छापली गेली. पण वाद कशावर, तर गृहीतकांवर, आणि दोन्ही बाजूंचं गणित टेबलावर उघडं.

एवढ्यात ग्रुपवर कुणीतरी शनि-मंगळ युतीवरून पुढचं महायुद्ध सांगतं. रिचर्डसन नावाचा इंग्रज हवामानशास्त्रज्ञ होता, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अँब्युलन्स चालवलेला, त्यानं १८२० पासूनच्या सव्वाशे वर्षांतली भांडणं मोजली आणि युद्ध सुरू होण्याच्या तारखा पॉयसाँ वितरणात, म्हणजे साधारण निव्वळ योगायोगासारख्या विखुरलेल्या निघाल्या. ग्रहांचं वेळापत्रक त्यात कुठंच नाही.

आता घराजवळ या, सायबर फसवणुकीकडं. इथंही तीच गोष्ट, लपलेला कप्पा मोठा. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवर तोतया पोलीस करतात ती अटक, असला काही प्रकार कायद्यात नाही, तरी त्याला घाबरून रिटायर माणूस पैसे भरतो आणि लाजेनं पोरालासुद्धा सांगत नाही. सिक्युरिटी कंपन्या मग सर्व्हे दाखवून अब्जावधींचे आकडे सांगतात. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या दोघांनी २०११ मध्येच दाखवून दिलं होतं की अशा सर्व्हेत एक-दोन माणसांनी फुगवून सांगितलेलं नुकसान अख्ख्या लोकसंख्येनं गुणलं जातं. सॉफ्टवेअरवाले मात्र याद्यांची युक्ती वापरतात, दोन टेस्टरना वेगवेगळे बसवून सामाईक बग (प्रोग्राममधल्या चुका) किती यावरून न सापडलेले किती ते काढतात.

फसवणुकीच्याही तीन याद्या आहेतच की, बँकेकडची तक्रार, १९३० हेल्पलाईन आणि पोलीस ठाणं. पण बँकवालाच सांगतो १९३० ला फोन करा, हेल्पलाईनवरनं ठाण्यात जायला सांगतात, म्हणजे याद्या चिकटलेल्या आणि अंदाज कमीच निघणार. म्हणून ज्येष्ठ नागरिक संघ किंवा बचत गटातनं एखादी स्वतंत्र यादी, नावं कोडमध्ये बदलून, जिल्हा पातळीवर जुळवायला पाहिजे, सातारा-सांगलीतल्या कॉलेजांच्या स्टॅटिस्टिक्स विभागांना हे सहज जमेल. ते होईपर्यंत तक्रारी वाढल्याची बातमी आली तर चोर वाढले का १९३० हा नंबर जास्त लोकांना पाठ झाला, हे त्या बातमीतनं कुणालाच सांगता येणार नाही.