खुलासा: ‘ऑस्ट्रेलियन सैनिक म्हणजे घोड्यावरचा शेतकरी’

दरवर्षी २५ एप्रिलला, अँझॅक दिनाच्या (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या) आसपास, तीच गोष्ट फिरते: पहिल्या महायुद्धात लढलेला ऑस्ट्रेलियन जवान म्हणजे घोड्यावर वाढलेला रानातला गडी, युद्ध संपल्यावर सरकारने त्याला फुकट जमीन दिली आणि तो सुखाने नांदला. यातले फार थोडे खरे आहे.

भरतीच्या अर्जात धंद्याचा रकाना असे. त्यात शेतकरी आहेत, पण मजूर, कारकून, सुतार, खाणकामगार, गाडीवान यांचीच रांग मोठी. सगळे स्वेच्छेने आलेले. सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव जनतेने १९१६ आणि १९१७ मध्ये मतदानाने फेटाळला. साध्या शिपायाला रोज सहा शिलिंग मिळत, त्यातला एक सैन्यातून मोकळा होईपर्यंत राखून ठेवत. बेकाराला ही रक्कम मोठीच होती.

आणि जमीन? फुकट नव्हती. ती कर्जावर, हप्त्याने. व्हिक्टोरिया राज्यातल्या मॅली भागात कोरड्या, वाळूच्या पट्ट्यात तुकडे पाडून दिले, अनेक इतके लहान की कुटुंबाचे पोट भरेना. वारा सुटला की कुंपण वाळूखाली जाई. शेतीचा गंध नसलेला, कधी विषारी वायूने छाती खराब झालेला माणूस तिथे झाडांची खोडे उपटत बसे. गव्हाचा भाव पडला आणि हप्ते थकले. १९२९ च्या पाइक अहवालाने, म्हणजे न्यायमूर्ती पाइक यांच्या सरकारी चौकशीने, सैनिकांना जमीन देण्याच्या या योजनेतला तोटा सुमारे २.३५ कोटी पौंड मांडला. कित्येकांनी जमीन सोडली, आणि त्यांना आळशी म्हटले गेले, हे मला फार लागते.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी सैनिकांपैकी बहुतेकांना तर अशी जमीनही मिळाली नाही.