आधी आवर्तसारणी, मग अणुरचना

अकरावीच्या रसायनशास्त्राची उजळणी करताना नागपुरातला विद्यार्थी सहसा राज्य मंडळाच्या पुस्तकाच्या क्रमाने जातो: आधी अणुरचना, मग रासायनिक बंध आणि त्यानंतर आवर्तसारणी. तर्काच्या दृष्टीने हा क्रम योग्यच आहे, कारण इलेक्ट्रॉनांची मांडणी कळल्याशिवाय बंधांचा उलगडा होत नाही आणि आवर्ती कलांचाही (सारणीत गुणधर्म कसे बदलत जातात याचाही) होत नाही. हे ज्ञान प्रत्यक्षात मिळत गेले ते मात्र बऱ्याच अंशी उलट क्रमाने.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ साली सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून २८ वर्षे होती. त्याच्यापाशी आधार होता तो अणुवस्तुमानांचा आणि ऑक्साइडांसारख्या संयुगांवरून काढलेल्या संयुजांचा, म्हणजे मूलद्रव्यांच्या बंध जोडण्याच्या क्षमतेचा. तरीही गुणधर्म जुळावेत म्हणून त्याने जड टेल्युरियम (१२७.६) हलक्या आयोडीनच्या (१२६.९) आधी ठेवले आणि टेल्युरियमचे वस्तुमानच चुकीचे मोजले गेले असावे असे मानले. वस्तुमान चुकीचे नव्हते, पण क्रम बरोबर होता. त्याने मोकळ्या सोडलेल्या घरांपैकी एकात १८७५ साली गॅलियम आले, तर दुसऱ्यात १८८६ साली जर्मेनियम. रामटेकजवळच्या मनसर आणि कांद्रीच्या खाणींमुळे मँगनीज हे नाव नागपूरकरांना परके नाही. सारणीत त्याच्या लगेच खालचे घर मेंडेलीव्हने सुमारे १०० वस्तुमानाच्या मूलद्रव्यासाठी राखले होते. ते भरायला १९३७ साल उजाडले, आणि तेही कुठल्या खनिजामुळे नव्हे: सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात कणांचा मारा झालेल्या मॉलिब्डेनममध्ये पेरिए आणि सेग्रे यांना टेक्नेशियम सापडले.

नागपुरात व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजची विज्ञान संस्था, १९०६ साली सुरू झाले. तेव्हाच्या रसायनशास्त्रात सारणी होती आणि थॉमसनने १८९७ साली शोधलेला इलेक्ट्रॉनही होता, पण केंद्रक नव्हते, अणुअंकाला भौतिक अर्थ नव्हता आणि दोन अणूंना काय बांधून ठेवते याचे समाधानकारक उत्तरही नव्हते. आज उजळणीच्या पहिल्याच दिवशी ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात, त्या पुढच्या दहा वर्षांत एकामागून एक आल्या. रदरफर्डने १९११ साली केंद्रक मांडले आणि १९१३ साली बोरने इलेक्ट्रॉनांना ठरावीक ऊर्जापातळ्या दिल्या. त्याच वर्षी मोझलीने क्ष-किरणांच्या वारंवारितेवरून दाखवले की मूलद्रव्यांचा खरा क्रम वस्तुमानाचा नसून केंद्रकावरील प्रभाराचा आहे. टेल्युरियमचा अणुअंक ५२ आणि आयोडीनचा ५३, एवढ्याने जुना पेच सुटला. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, १९१५ साली, गॅलिपोलीच्या लढाईत मोझली मारला गेला. या सगळ्या कथेत त्याच्या वाट्याला पाठ्यपुस्तकाच्या जेमतेम दोन ओळी येतात, याची चुटपुट लागते.

बंधांचा उलगडा १९१६ साली दोन बाजूंनी झाला: कोसेलने इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीतून आयनिक बंध समजावला, तर लुईसने सामाईक जोडीतून सहसंयुज बंध. दोघांनाही धागा मिळाला तो निष्क्रिय वायूंच्या स्थिरतेतून. हे वायूही बहुतांशी १८९४ ते १८९८ या काळातच हाती आले होते, आणि मेंडेलीव्हच्या मूळ सारणीत त्यांना जागाच नव्हती. विद्युतऋणतेची, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेची, मोजपट्टी पॉलिंगने १९३२ साली दिली.

आवर्ती कलांमधले अपवादही बरेच उशिरा सुटले, आणि परीक्षेत नेमके तेच विचारले जातात. आवर्तात (सारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना पहिली आयनन ऊर्जा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, साधारणपणे वाढते, पण नायट्रोजनची मोलमागे १४०२ किलोज्यूल असताना ऑक्सिजनची १३१४ च भरते. बोरच्या कक्षांतून याचे कारण निघत नाही. कक्षकांची (इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असलेल्या जागांची) कल्पना, पाउलीचे तत्त्व (एका कक्षकात फार तर दोन इलेक्ट्रॉन) आणि हुंडचा नियम (जोडी लागण्याआधी समान ऊर्जेच्या प्रत्येक कक्षकात एकेक) १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळले तेव्हा ते स्पष्ट झाले: नायट्रोजनच्या तिन्ही २पी कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन असतो, तर ऑक्सिजनच्या चौथ्या २पी इलेक्ट्रॉनला त्यांपैकी एका कक्षकात जोडीने राहावे लागते, आणि जोडीतल्या प्रतिकर्षणामुळे तो सुटायला कमी ऊर्जा पुरते.