सपरीतलं सुतारकाम आणि नाकात जाणारी धूळ : मशीन घेण्याआधी वाचा

घराला लागून टिनाची सपरी काढलेली, तिच्यात एक कटर, एक सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारं मशीन), जमलं तर टेबल-सॉ (टेबलात बसवलेली करवत). शेतीतून सवड मिळाली की दिवाण, चौकट नाहीतर देव्हारा करायला घ्यायचा. आमचे बरेच ग्राहक असे आहेत, आणि त्यातले बहुतेक येताच मोठ्या डस्ट कलेक्टरचा (धूळ ओढून पिशवीत भरणाऱ्या मशीनचा) भाव विचारतात. तो आम्ही विकतो. पण बहुतेकांना सुरुवातीला त्याची गरज नसते.

करवतीखाली पडणारा भुसा दिसतो, झाडता येतो. खरा त्रास पॉलिश पेपर आणि सँडरमधून उडणाऱ्या पिठासारख्या धुळीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या धुळीतले अडीच मायक्रॉनचे कण थेट फुप्फुसात उतरतात आणि शांत हवेतसुद्धा खाली बसायला काही तास घेतात. म्हणजे मशीन बंद करून तुम्ही मास्क काढून चहा घेता, तेव्हाही धूळ तिथेच असते. रात्री काम संपल्यावर अर्ध्या तासाने दिवे बंद करून टॉर्चचा झोत आडवा मारून पाहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हा धोका मुख्यतः नाकाचा, आणि वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांचा. तुम्हाला आधी जाणवेल ते सागवान आणि शिसमाने सुटणारी खाज, शिंका, दम. मे महिन्यात घामावर धूळ चिकटली की जास्तच. एमडीएफची (लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेल्या फळीची) धूळ फार बारीक, शिवाय तिच्यात फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो.

धूळ जिथे निघते तिथेच पकडा

सँडर आणि राउटरला (लाकडात खाचा, नक्षी कोरणाऱ्या मशीनला) व्हॅक्यूम क्लीनर जोडा. पहिला खर्च हाच करा, कारण बारीक धूळ सगळ्यात जास्त इथेच निघते. सँडरच्या तळाची भोकं आणि पेपरची भोकं जुळली नाहीत तर व्हॅक्यूम असून नसल्यासारखा. मध्ये सायक्लोनचं (हवा गोल फिरवून भुसा खाली पाडणारं) झाकण लावलेला ड्रम ठेवला की भुसा ड्रममध्ये पडतो आणि फिल्टर लवकर चोंदत नाही. ड्रम जाड घ्या, पातळ बादली ओढीने आत पिचकते.

टेबल-सॉ आणि रंधा मशीनचं गणित वेगळं आहे. व्हॅक्यूम थोडी हवा जोराने ओढतो, डस्ट कलेक्टर भरपूर हवा कमी दाबाने ओढतो. म्हणून कलेक्टरला बारीक नळी लावली की तो जवळजवळ निकामी होतो. त्याला चार इंची पाइपच हवा. शेतीचा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप चालतो, पण ११० हे बाहेरचं माप आहे, तोंड जुळवताना आतलं मोजा. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन लावा. स्वस्त कलेक्टरची कापडी पिशवी भुसा अडवते आणि बारीक धूळ गाळून पुन्हा खोलीत सोडते, त्यामुळे शक्य असेल तर कलेक्टर भिंतीबाहेर, टिनाच्या आडोशाला बसवा. सॉ आणि कलेक्टर एकाच वेळी चालवताना गावच्या लाइनवर व्होल्टेज पडतो का, हेही आधी बघा.

चार इंची मार्बल कटरला धुळीसाठी तोंडच नसतं. तो अंगणात नेऊन, वाऱ्याकडे पाठ करून चालवा.

उरलेली धूळ बाहेर काढा

१२ बाय १० फूट, उंची ९ फूट अशा सपरीत १०८० घनफूट हवा असते. ती तासाला आठ वेळा बदलायची तर तासाला सुमारे २४५ घनमीटर हवा बाहेर जायला हवी. नऊ इंची एक्झॉस्टच्या डब्यावर बहुधा याहून मोठाच आकडा छापलेला असतो. मात्र समोरच्या भिंतीत हवा आत यायला जागा ठेवा, नाहीतर पंखा नुसता घरघरतो.

कुलरबद्दल नेहमी विचारतात. कुलर खिडकीबाहेर असेल आणि समोरची खिडकी उघडी असेल तर तो धूळ ढकलून बाहेर काढतो, चांगलंच आहे. सपरीच्या आत ठेवलेला कुलर मात्र तीच धूळ फिरवत राहतो, गवतात भुसा अडकतो आणि टाकीतल्या पाण्याला वास मारतो. कुठलाही झोत घराच्या दाराकडे नको.

मास्क आणि झाडू

उन्हासाठी बांधतो तो दुपट्टा बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ घ्या, तो नीट बसला तर ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतो. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. काम थांबल्यावरही एक्झॉस्ट थोडा वेळ चालू ठेवा आणि तोवर मास्क काढू नका.

कोरडं झाडू नका. अंगणात सडा टाकता तसं हलकं पाणी शिंपडून झाडा, फक्त मशीनच्या लोखंडी टेबलावर नको. ब्लोअरने कपडे उडवणं बंदच करा. प्लायवुड आणि एमडीएफचा भुसा शेगडीत किंवा गोठ्यात वापरू नका. धूळ उडत असताना जवळ बिडी पेटवू नये, हे सांगायला नको.

दुकानात येताना सपरीची लांबी, रुंदी, उंची आणि मशीनच्या धूळ-तोंडाचं आतलं व बाहेरचं माप मिलिमीटरमध्ये लिहून आणा. मोबाइलवर फोटो असेल तर उत्तम. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तो दिवस सोडून या.