अरुणा शानबाग यांना इच्छामरण मिळालं नव्हतं

‘कोर्टाने अरुणा शानबागला इच्छामरण दिलं’ हे वाक्य दयामरणावरच्या वादात हमखास ऐकू येतं. प्रत्यक्षात घडलं ते उलट. अरुणाताई मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या; १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखिका पिंकी विराणी यांची, अरुणाताईंना भरवणं थांबवावं अशी मागणी करणारी याचिका फेटाळली.

अरुणाताई तेव्हा व्हेंटिलेटरवरही नव्हत्या. १९७३च्या हल्ल्यानंतर केईएमच्या परिचारिकांनी त्यांना वर्षानुवर्षं मऊ केलेलं अन्न भरवलं, कूस बदलून दिली. (निम्म्या चर्चेत हा तपशील कुणालाच ठाऊक नसतो.) कोर्टाने त्यांचे ‘जवळचे’ मानलं ते या कर्मचाऱ्यांनाच, आणि त्यांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या.

मग गोंधळ कुठून? त्याच निकालाने उपचार थांबवण्याला, म्हणजे निष्क्रिय दयामरणाला, कडक अटींवर मोकळीक दिली. २०१८ मध्ये घटनापीठाने जिवंतपणी लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्रही ग्राह्य धरलं. इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे. उपचार थांबवणं आणि जीव घेणं यांत नैतिक फरक खरंच किती, यावर तत्त्वज्ञ अजून भांडतात. मला तो फरक पटतो, पण भरवणाऱ्या हाताला विचारल्याशिवाय नाही.