खरबूज घेताय? मग हे पान घरी जाऊन वाचा

आमच्या नौपाड्यातल्या दुकानात खरबुजं रचायला लागलो की फळांच्या जोडीला प्रश्नही येतात. ‘मूतखड्यावर चालतं का हो?’ ‘शुगरवाल्यांनी खाल्लं तर?’ ‘मिल्कशेक केला तर बाधतो म्हणतात, खरं का?’ संध्याकाळच्या गर्दीत एका हाताने वजन करताना धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पान पिशवीत टाकलं आहे. आम्ही फळवाले आहोत, वैद्य नाही. जुनी माणसं काय सांगत आली आणि त्यातलं आम्हाला काय पटतं, एवढंच यात आहे.

सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात खरबुजाला ‘दशांगुल’ म्हटलं आहे. गुण सांगितले आहेत ते असे: लघवी साफ करणारं, कोठा साफ करणारं, ताकद देणारं, थंड, पित्त आणि वात कमी करणारं. आणि गुरू, म्हणजे पचायला जड. हा शेवटचा शब्द बहुतेक जण विसरतात आणि रात्री पोटभर जेवून वर अर्धं खरबूज संपवतात. मग पोट फुगलं की फळाला नावं ठेवतात. सकाळी अकराच्या सुमाराला किंवा दुपारी चारला, नुसतं खरबूज खाऊन बघा, फरक कळेल.

सर्वांत जुना घरगुती उपयोग उन्हाळी लागण्यावरचा. घाम फार जातो, पाणी कमी पडतं, लघवी पिवळी होते आणि जळजळ सुरू होते. अशा वेळी आजी खरबुजाच्या फोडींवर जिरेपूड आणि किंचित सैंधव घालून द्यायची. यात जादू काही नाही. या फळात शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं, शिवाय पोटॅशियम बऱ्यापैकी असतं. पाणी पोटात गेलं की लघवी मोकळी होते. मूतखड्याचंही तेच: भरपूर पाणी आणि पाणीदार फळं चांगलीच, पण झालेला खडा खरबुजाने विरघळत नाही. तसं सांगून आम्ही फळ विकणार नाही. थंडी वाजून ताप आला, लघवीतून रक्त गेलं किंवा कंबरेतून कळा येऊ लागल्या, तर फळ बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

आता दुधाचा वाद. आयुर्वेद मानणाऱ्या घरांत खरबूज आणि दूध हा विरुद्धाहार, म्हणजे एकत्र खाऊ नये अशी जोडी. ज्यूस सेंटरवर मात्र मिल्कशेक जोरात खपतो. दोघांशी भांडण नको, पण घरी एक प्रयोग करून बघा: पिकलेल्या खरबुजाचा गर दुधात फेटून तासभर तसाच ठेवा. बहुधा चव कडवट होईल. खरबुजात प्रथिनं तोडणारा एक घटक असतो, तो दुधावर काम करतो. आमच्या घरी दूध घालत नाहीत, पाण्यातलं सरबत करतात.

त्या सरबतासाठी बिया फेकू नका. आतला धागेदार भाग बियांसकट मिक्सरमधून पाण्यात फिरवा, गाळा, गूळ आणि वेलची घाला. दुधासारखं पांढरट पन्हं तयार होतं. बिया धुऊन सावलीत वाळवल्या आणि सोलल्या की झाला मगज, थंडाईत पडतो तोच. सोलायचं काम चिकाटीचं आहे. आम्ही दरवर्षी सुरुवात करतो आणि चमचाभर मगज निघाला की सोडून देतो.

कापण्याआधी साल वाहत्या पाण्याखाली घासून धुवा. ‘साल कुठे खायची आहे?’ असं विचाराल, पण जाळीदार सालीत माती आणि जंतू अडकतात आणि सुरीबरोबर गरात उतरतात. 2011 साली अमेरिकेत अशाच खरबुजांतून लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ पसरली होती, 33 माणसं दगावली. गरोदर बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी ही काळजी जास्त घ्यावी. कापलेल्या फोडी फ्रीजमध्ये झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. ठाण्याच्या मे महिन्यात ओट्यावर राहिलेली फोड दोन तासांनी खाऊ नये. म्हणूनच आम्ही कापलेलं खरबूज विकत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

मधुमेह असेल तर वाटीभर फोडी चालतात का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. शंभर ग्रॅममध्ये साधारण आठ ग्रॅम साखर असते. रस गाळून प्यायलात तर चोथा जातो आणि साखर उरते. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असेल, तर विचारल्याशिवाय खाऊच नका. ओठ किंवा घसा खाजायला लागला तर तिथेच थांबा.

चेहऱ्याला गर लावण्याबद्दलही विचारतात. गार वाटतं, एवढं खरं.

फळ निवडताना अंगठ्याने दाबू नका, पुढच्या गिऱ्हाइकाला डाग मिळतो. देठाच्या विरुद्ध टोकाचा वास घ्या, गोड दरवळ हवा. वेलीवर पिकलेल्या जाळीदार फळाचा देठ अलगद सुटतो आणि तिथे छोटा खळगा राहतो. देठ कापलेला असेल तर फळ बहुधा लवकर तोडलेलं. ते घरी मऊ पडेल, वासही येईल, पण गोडी वाढणार नाही. वाशीच्या बाजारात आम्हीही हेच बघून माल उचलतो आणि तरी दहातलं एखादं फसवतंच.

आंबूस लागलं तर मुळीच खाऊ नका. आंबट आणि खारट लागणारं खरबूज लघवीचा त्रास वाढवतं, असं भावप्रकाशातही बजावलं आहे. फळ आंबूस किंवा फिकं निघालं तर त्याच दिवशी घेऊन या, बदलून देऊ. फक्त निम्मं तरी शिल्लक असू द्या. मागच्या उन्हाळ्यात एक काका नुसत्या साली घेऊन आले होते.