उलटं घड्याळ लावणाऱ्या बायका

नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या गल्लीत एक म्हाताऱ्या सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्स, राहायच्या. पांढरी सुती साडी, घट्ट अंबाडा आणि छातीवर डाव्या बाजूला पिनेनं अडकवलेलं छोटं घड्याळ. घड्याळ उलटं टांगलेलं, बारा खाली आणि सहा वर. आम्ही पोरं विचारायचो, "सिस्टर, तुमचं घड्याळ उलटं का?" त्या मान खाली घालून त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "तुला उलटं दिसतं बाळा, मला सरळ दिसतं. पेशंटचा हात हातात असला की मनगट कोण वळवत बसणार?" बोलता बोलता कधी दिमापूरचं नाव निघायचं. इतवारी, महाल असाच तो नागपुरातला एखादा मोहल्ला असावा, असं आम्हाला वाटायचं. दुसऱ्या महायुद्धात इंफाळच्या लढाईसाठी सैन्य जिथे रेल्वेतून उतरायचं ते दिमापूर, हे कळायला कितीतरी वर्षं गेली. त्या वारल्या तेव्हा "रिटायर सिस्टर गेल्या" एवढंच सगळे म्हणाले. त्यांनी युद्ध पाहिलं होतं, हे अंत्ययात्रेत कुणाच्या तोंडून निघालं नाही. मला ते अजून लागतं.

त्यांच्यासारख्या बायका लष्करात कशा पोचल्या, हे समजून घ्यायचं तर नागपूरजवळच्या कामठीपासून सुरुवात करावी लागते. कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये लष्करी छावणी वसली आणि पुढची कित्येक दशकं तिथल्या गोऱ्या शिपायांना गोळीपेक्षा पटकी आणि तापानं जास्त मारलं. आजाऱ्यांची शुश्रूषा करायला प्रशिक्षित माणूस नव्हतं. पलटणीतलाच एखादा शिपाई ऑर्डर्ली म्हणून वॉर्डात उभा राहायचा. लष्करी इस्पितळांत शिकलेल्या नर्सेस हव्यात, हे सरकारच्या गळी उतरायला बराच काळ गेला. २८ मार्च १८८८ ला दहा ब्रिटिश नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातल्या लष्करी परिचर्येची सुरुवात तिथून धरतात. इथे राहणाऱ्या नर्सेसची भरती पहिल्यांदा झाली ती १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू झाल्यावर. १ ऑक्टोबर १९२६ ला इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमची उभी राहिली. तिचा स्थापना दिवस म्हणून आजही हीच तारीख पाळतात.

पण भरतीसाठी आधी शिकलेली मुलगी हवी, आणि खरी अडचण तिथेच होती. नागपुरात शिकायला जागा होत्या. सरकारी मेयो इस्पितळ होतं, सीताबर्डीला स्कॉटिश मिशनचं म्युर मेमोरियल होतं, बायकांसाठी डफरिन होतं, ज्याला आपण आज डागा म्हणतो. मात्र परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रक्त आणि घाण काढायची, रात्रपाळी करायची, हे काम 'घरंदाज' मुलीचं नव्हे, असं ब्राह्मण, मराठा, कोमटी अशा सगळ्याच घरांत मानलं जायचं. त्यामुळे या शाळांत आल्या त्या ख्रिस्ती मुली, रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन मुली आणि ज्यांना दुसरा आधार उरला नव्हता अशा विधवा.

या तिसऱ्या वाटेनं आलेल्या एका बाईनं नागपूर बदललं. कमलाताई होस्पेट बालविधवा होत्या. डफरिनमध्ये परिचर्या आणि सुईणपण शिकल्या आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांना सोबत घेऊन चार खाटांचं सूतिकागृह काढलं, तेच मातृ सेवा संघ. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कमलाताई युद्धावर गेल्या नव्हत्या. तरी त्यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे, कारण मराठी घरातली मुलगी नर्स होऊ शकते आणि मानानं राहू शकते, हे या शहरानं प्रथम त्यांच्याकडे बघून मान्य केलं.

पहिल्या महायुद्धाची झळ नागपूरला लागली ती तापाच्या रूपानं. १९१८ चा इन्फ्लुएन्झा बंदरांतून आगगाड्यांबरोबर देशात आत शिरला आणि सगळ्यात जास्त माणसं गमावलेल्या प्रांतांत मध्य प्रांत-वऱ्हाड होता. त्या साथीत वॉर्डात उभ्या राहिलेल्या बायकांना युद्धातल्या परिचारिका कुणी म्हटलं नाही. मी म्हणेन.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९३८ मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे नागपुरातही थोड्यांनाच ठाऊक असतं. पथकात नर्स एकही नव्हती. कोटणीसांनी पुढे चीनमध्ये लग्न केलं ते क्वो छिंगलान यांच्याशी, आणि त्या परिचर्येच्याच क्षेत्रातल्या होत्या.

दुसरं महायुद्ध मात्र नागपूरच्या दाराशी आलं. १९४३ मध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात लढायचं शिक्षण देण्यासाठी हिंदुस्थानी सैन्याची चौदावी डिव्हिजन छिंदवाड्याला हलवली गेली. छिंदवाडा इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. सातपुड्याच्या त्या रानात डासांना तोटा नव्हता. आघाडीवरची गत तर विचारूच नका. ब्रह्मदेशात चौदाव्या सेनेचं नेतृत्व करणाऱ्या जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलं आहे की १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या दर एका माणसामागे १२० जण आजारी म्हणून पाठवावे लागत होते. मलेरिया, हगवण, स्क्रब टायफस. अशा आजारात शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. पाणी पाजणं, अंग पुसणं, चादर बदलणं, दर चार तासांनी ताप लिहिणं, यावर माणूस जगतो, आणि हे सगळं काम नर्सचं.

नर्सेस होत्या किती? देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी सुमारे सात हजारांचा आकडा आहे, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. म्हणून युद्धकाळात ऑक्झिलिअरी नर्सिंग सर्व्हिस काढली. थोडक्या मुदतीचं शिक्षण देऊन मुलींना थेट लष्करी इस्पितळात पाठवायला लागले. १९४३ च्या अध्यादेशानं लष्करी नर्सेसना कमिशन मिळालं आणि त्या अधिकारी झाल्या.

आमच्या सिस्टर याच लाटेत गेल्या. एक गोष्ट त्या हमखास सांगायच्या. मलेरियासाठी मेपाक्रिनची पिवळी गोळी रोज द्यायची. तिनं शिपायांची कातडी हळदीसारखी पिवळी व्हायची. ही गोळी घेतली की पुरुषपण जातं, अशी अफवा पलटणीत उठलेली, म्हणून पोरं ती गालात धरून नंतर थुंकायची. "आमचं काम काय, तर तोंड उघड म्हणायचं, जीभ वर कर म्हणायचं, गालात बोट फिरवायचं. वीस-बावीस वर्षांच्या आम्ही, आणि समोर सहा-सहा फुटी पठाण." हे सांगताना त्या आपलं बोट आमच्या गालात घालून दाखवायच्या. बोटाला कायम डेटॉलचा वास.

युद्ध संपलं आणि या बायका पांगल्या. अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकी बरीच इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. काहींची लग्नं होऊन आडनावं बदलली, कागदावरचं नाव आणि दारावरचं नाव वेगळं झालं. काही मेयो-डागात परत रुजू झाल्या, तेव्हा लोकांनी त्यांना हॉस्पिटलच्या सिस्टर म्हणूनच ओळखलं. लष्करी परिचर्या सेवेतल्या जी. ए. राम १९७६ मध्ये भारतीय सैन्यातल्या पहिल्या महिला मेजर जनरल झाल्या. तोवर आमच्या सिस्टरांच्या पिढीतल्या बहुतेक निवृत्तीला आल्या होत्या.

युद्धस्मारकावर पलटणीची नावं असतात, आणि या बायकांना पलटण नव्हती. त्यांचा शोध दुसरीकडे घ्यावा लागेल. नर्सिंग स्कूलच्या जुन्या बॅचचे फोटो, चर्चच्या लग्नाच्या नोंदवह्या, कामठीच्या आणि जरीपटक्याच्या कब्रस्तानातले दगड, पेन्शनची पुस्तकं. आणि घरोघरच्या पत्र्याच्या ट्रंका. तुमच्या आजीच्या, मावशीच्या ट्रंकेत पितळी बॅज, पोस्टिंगचा पिवळा पडलेला कागद किंवा छातीला लावायचं घड्याळ सापडलं, तर भंगारवाल्याला देऊ नका. फोटोच्या मागे नाव आणि साल लिहून ठेवा.

सिस्टरांचं घड्याळ त्यांच्या भाचीकडे आहे. गेल्या वर्षी तिनं ते माझ्या तळहातावर ठेवलं. काच तडकलेली, काटे चारला दहा कमी असताना थांबलेले. पिन अजून घट्ट बसते.